नऊ ताड आणि एक हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर आमच्या बागेत उडत आलं नाही, ट्रेलरवर झोपून आलं. पंखे उतरवलेले, अंगावर निळं प्लास्टिक, आणि मागे बाहेर आलेल्या शेपटीला लाल फडकं, लोखंडी सळ्यांना बांधतात तसं. गुजरातेतून निघालेलं हे आकाशातलं वाहन अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ट्रकांच्या रांगेत चार तास उभं होतं. पुढे टाइल्स, मागे कांदे. ढाब्यावरचे ड्रायव्हर पोट धरून हसत होते. "अरे, ह्याला रांग कशाला? उडव आणि पलीकडे उतरव!"

काकांनी ते आणायला मला मोटारसायकलवर पाठवलं होतं. डहाणू रोडला स्टेशनाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान होतं, पण काकांच्या मते ते दुकान नसून मी सावलीत बसायची सोय होती, त्यामुळे बागेतलं कुठलंही काम निघालं की दुकानाचं शटर आधी खाली यायचं. तर मी पुढे, मागे ट्रेलर. तलासरीपासून चारोटी, चारोटीहून वळून आशागड. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी राहून हात करत होती. ते सगळे हात मीच घेतले. हेलिकॉप्टर मागे ठेवून गावात शिरायचा मान आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाला मिळालेला नाही.

दोन हजार सोळा सरून सतरा लागायच्या आसपासचा तो हिवाळा. तेव्हा चिकूत बी पोखरणारी अळी शिरली होती. झाडं जुनी, दोन-दोन मजले उंच. खालून फवारलं की औषध झाडापेक्षा फवारणाऱ्याच्या डोक्यावर जास्त पडायचं. मग कुणीतरी बातमी आणली की एक कंपनी हेलिकॉप्टरने फवारून दाखवते; चार दिवस प्रात्यक्षिक, पाच-सहा बागायतदार मिळून. आमच्या बागेच्या मधोमध भाताचं जुनं खळं होतं, सपाट आणि मोकळं. काकांनी बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं, "उतरवा आमच्याकडे." घरी आल्यावर काकूने विचारलं, "त्याला प्यायला काय लागतं? पेट्रोल की रॉकेल?" काका म्हणाले, "ते त्यांचं ते आणतात." काकू म्हणाली, "मग बरं. पाहुणा शहाणा दिसतोय."

कंपनीचा एक साहेब बरोबर आला होता. काळा चष्मा, हातात टॅब, आणि बोलणं सगळं हिंदीतून. बागेत पाय ठेवल्याबरोबर त्याने पश्चिमेच्या बांधाकडे बोट केलं.

"अंकल, ये सब काटना पडेगा."

तिथे आमचे नऊ ताड होते. कुणी लावलेले नव्हेत. आपले आपण उगवून ओळीत उभे राहिलेले, जणू कुणी हजेरी घेणार आहे. चिकूच्या बागेवरून बघितलं तर हिरव्या पाण्यातून नऊ माणसं मान वर काढून चालली आहेत असं वाटायचं. त्या ताडांवर एक ताडीवाला चढायचा. त्याच्याआधी त्याचा बाप चढायचा. घर तलासरीकडच्या पाड्यावर; पण थंडी पडली की तो बांधावरच्या खोपटात येऊन राहायचा तो पार उन्हाळा सरेपर्यंत. पहाटे चढून नीरा उतरवायची, दुपारची ताडी, संध्याकाळी परत चढून मडकी बांधायची. वर्षाचं पोट त्या नऊ झाडांवर. बदल्यात आमच्या बागेवर त्याची नजर असायची, आणि ती नजर शंभर फुटांवरून असायची. माझ्या तरुणपणी त्या नजरेने मला फार त्रास दिला, पण ते असो.

काका साहेबाला म्हणाले, "बघू."

काकांचा 'बघू' म्हणजे साधा शब्द नव्हता. त्या एका शब्दात तोपर्यंत दोन लग्नं, एक बोअरिंग आणि माझं दुकान मोठं करायचा बेत अडकून पडलेला होता. पण साहेब घाईत होता. शेवटी वैमानिकालाच विचारायचं ठरलं.

वैमानिक नागपूरकडचा. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला. बघितल्यावर वाटावं की हा माणूस बँकेत पासबुकं भरत असेल. आम्ही सगळे त्याला कॅप्टन म्हणायचो. तो बांधावरून मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला.

"नऊ आहेत ना जी? एका ओळीत उभे आहेत, दिसून राहिले, पळून थोडीच जातात. राहू द्या. मी अलीकडून वळतो."

साहेबाने टॅबवर काहीतरी खटखट केलं आणि एक कागद काढला. ताड मालकाच्या जबाबदारीवर ठेवले आहेत, असं त्यावर काकांची सही. सही करताना काकांनी ताडीवाल्याकडे असं बघितलं, की वेगळं सांगायची गरज उरली नाही. काही कमी-जास्त झालं, तर पहिली करवत त्या नऊ झाडांना लागणार. ताडीवाल्याने मान हलवली आणि कमरेचा कोयता सारखा केला.

पहिल्या दिवशी पहाटे ते यंत्र सुरू झालं तेव्हा आमच्या पाच गावांतल्या कोंबड्या तीन दिवस अंडी घालायचं विसरल्या. काकू म्हणते दोन दिवस. तिच्या कोंबड्या आधीपासून धीट. चिकूची पानं उलटी होऊन रुपेरी दिसायला लागली, माझी टोपी उडाली ती पुढे कुणालाच सापडली नाही, आणि औषधाचं पांढरं धुकं असं काही सरळ रेघेत झाडांवर बसत गेलं की काकांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधाराला ठेवला होता, पण ठेवला.

माझं काम झेंड्याचं. ओळ कुठे संपते हे वरून कळावं म्हणून बांधाशी लाल कापड घेऊन उभं राहायचं आणि एक फेरी झाली की दोन झाडं सरकायचं. कापड बांधलं होतं आमच्या झेल्याला. झेला म्हणजे लांब बांबू, टोकाला जाळी. तिच्यात चिकू अलगद धरून उतरवायचा, म्हणजे खाली पडून फुटत नाही. बांधालगतच्या दोन ओळींवर औषध मारायचं नाही, म्हणजे ताडीच्या मडक्यांत जायला नको, असं ठरलेलं. कॅप्टन त्याच्या अलीकडेच फवारा बंद करायचा आणि ताडांच्या शेंड्यांना समांतर वळण घेऊन परत फिरायचा.

त्या वळणावर त्या दोघांची गाठ पडली.

ताडीवाला चौथ्या ताडाच्या शेंड्याशी, पायात दोराची वाकी, कमरेला दुधीचा सुकवलेला भोपळा, मडकं सोडवतोय. आणि हेलिकॉप्टर त्याच्या बरोबर उंचीवर आलं. त्या हेलिकॉप्टरला दारं नव्हती, काढून ठेवलेली. मी खालून बघत होतो. जन्मभर जो माणूस आपल्या कामाच्या उंचीवर एकटा होता, त्याच्यासमोर दुसरा एक माणूस खुर्चीत बसून आला. एका चाळीत एकाच मजल्यावर नवीन बिऱ्हाड आल्यावर दोघं गॅलरीतून बघतात, तसे बघत राहिले. मग कॅप्टनने कपाळाला हात लावून सलाम केला. ताडीवाल्यानेही हात वर केला. त्या हातात कोयता होता.

खाली आल्यावर कॅप्टन म्हणाला, "बाप्पा! मला वाटलं कापते का काय!"

दुसऱ्या दिवशी सलाम-कोयता, सलाम-कोयता असं पाच-सहा वेळा झालं. कॅप्टन वळणावर जरा हळू व्हायला लागला. खाली टाकी भरताना मला विचारायचा, "तुमचे ते वरचे भाऊ किती वर्षांपासून चढून राहिले? दोर सुटला तर?" मी सांगितलं, एकदा सुटला होता, तेव्हा तो झावळी धरून चार तास घड्याळाच्या लंबकासारखा लोंबकळला आणि तेवढ्यात त्याने दोन मडकी बांधली. कॅप्टन म्हणाला, "चार तास?" मी म्हटलं, "साडेतीन." तो खूश झाला. माझं बोलणं त्याने कधी वजा करून घेतलं नाही.

त्याच दिवशी दुपारी ताडीवाला माझ्याकडे आला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. बांधावर उकिडवा बसला आणि कोयत्याच्या टोकाने माती उकरत राहिला.

"काय झालं, दादा?"

"बरं नाय दिसत, धाकले शेठ."

"काय बरं नाही दिसत?"

"मी झाडावर असताना जो झाडाशी येतो, त्याला विचारल्याबिगर सोडायचा नाय. बापाने सांगितलेला. पहिला घोट त्याचा. नाय विचारला तर झाड आटतं." त्याने आकाशाकडे हात केला. "तो दिवसातून सहा वेळा येतो. सहा वेळा तसाच जातो."

"अरे, पण तो झाडाच्या बुडाशी कुठे येतो? शेंड्याशी येतो."

"झाड तर तेच ना?"

 आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? संध्याकाळी कॅप्टनला चालवत बांधावर आणलं असतं, दोन पेले नीरा पाजली असती, झाडाचं देणं फिटलं असतं. एवढं सोपं. पण सोपं काही सुचलं तर मी झेरॉक्सच्या दुकानात कशाला बसलो असतो?

मी म्हटलं, "मग वरच्या वर दे की. त्याच्या गाडीला दार पण नाही."

गंमत म्हणून बोललो. तो हसला नाही. विचार करत म्हणाला, "हात पोचायचा नाय."

"मग झेला घे. चिकू उतरतो, नीरा चढवता येणार नाही?"

आणि खरोखर झेंडा सोडून तो झेला मी त्याच्या हातात दिला. माझ्यासाठी दुसरा बांबू शोधला. वर तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण संध्याकाळी कॅप्टनला जाऊन सांगितलं, "उद्या वळणावर जरा डावीकडे बघा. वरच्या भाऊंकडून तुम्हाला काहीतरी आहे." कॅप्टन म्हणाला, "काय आहे जी?" मी म्हटलं, "बघाच."

तिसरा दिवस. सूर्य नुकताच आशागडच्या बाजूने वर आलेला, वारा नाही, आकाश धुतलेल्या ताटासारखं. तिसरी फेरी. मी शेवटच्या ओळीशी झेंडा धरून. हेलिकॉप्टर आलं, फवारा बंद झाला, वळण घेतलं.

शेवटच्या, नवव्या ताडावर ताडीवाला उभा होता. एका हाताची मिठी खोडाला, दुसऱ्या हातात झेला आडवा धरलेला. जाळीत भोपळा. पंख्यांच्या वाऱ्याने झावळ्या वेड्या झाल्या होत्या, तो स्वतः हलत होता, बांबू हलत होता, पण भोपळा त्याने असा सांभाळला होता जसा काय आत देव आहे. तोंड उघडून ओरडत होता. ऐकू काहीच येत नव्हतं, पण काय ओरडत असेल ते मला माहीत होतं. घ्या साहेब, घ्या.

कॅप्टनने बघितलं. आधी नीट कळलं नसावं, म्हणून बाहेर वाकून बघितलं. मग त्याला हसू आलं. त्याच्या दाढेत भरलेली चांदीसुद्धा मला चमकताना दिसली, असं मी पुढे वर्षभर सांगत होतो. दात दिसले एवढं खरं. नको नको म्हणून त्याने हात हलवला, परत मान वळवून मागे बघितलं. हेलिकॉप्टर मात्र पुढेच चाललं होतं.

पुढे काकांचा राजापुरी आंबा होता. ताड नव्हे. ताडांपासून चांगला वीस पावलं दूर, कोपऱ्यात, काकांनी स्वतःच्या हाताने लावलेला आणि आता ताडांच्या खांद्याला लागलेला. औषध फवारायला यंत्राच्या दोन्ही अंगांना लांब दांडे होते, त्यांतला डावा त्याच्या फांदीत अडकला.

भोवरा सुटताना दोरीला हिसका बसतो तसा तो हिसका होता. यंत्र स्वतःभोवती एकदा फिरलं, चिकूच्या दोन झाडांत आडवं घुसलं, फांद्या कडाकडा मोडत गेल्या आणि त्यांनीच त्याला अलगद नाही, पण बऱ्यापैकी सावकाश जमिनीवर आणून टेकवलं. पंख्यांचे तुकडे बांधापलीकडे गेले. मग आवाज बंद. नुसते चिकू पडत होते, टप, टप, टप. एवढे चिकू एका वेळी मी कधी पडताना ऐकले नाहीत.

सगळ्यांच्या आधी पोचला ताडीवाला. ताडावरून तो उतरला नाही, घसरला. छातीची आणि मांड्यांची कातडी झाडाला ठेवून आला. कोयत्याने खुर्चीचे पट्टे कापले आणि कॅप्टनला काखेत धरून बाहेर ओढलं. मी तिथे पोचलो तेव्हा माझ्या हातात झेंडा तसाच वर धरलेला होता. कॅप्टनचा उजवा खांदा खाली लोंबत होता, तोंड पांढरं पडलेलं. डोळे उघडून तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "कोणाला लागलं का जी?"

त्याला जीपमधून डहाणूच्या दवाखान्यात नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बाकी मुका मार. दुपारपर्यंत बागेत जत्रा भरली. आणि मग साहेब आला.

साहेबाने आंब्याची मोडलेली फांदी बघितली, ताड बघितले, टॅबवर फोटो काढले ते फक्त ताडांचे. "मैंने पहले दिन बोला था, अंकल. पेड की वजह से पायलट को दिखा नहीं. आपका साइन है." काका खुर्चीत बसून होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की काकूने त्यांच्यासमोर ठेवलेला चहा आपणच उचलून नेला.

"उद्या सकाळी कापतो," काका म्हणाले. "नऊच्या नऊ."

ह्यावेळी 'बघू' नव्हतं. लगेच आशागडच्या करवतवाल्याला फोन गेला.

ताडीवाला अंगाला हळद फासून ओट्याच्या पायरीशी उभा होता. म्हणाला, "शेठ, ताडाला धक्का पण नाय लागला."

"आज नाही लागला."

"झाडाची चूक नाय. मी त्याला विचारला. त्याच्यात झाला."

"काय विचारलंस?"

"नीरा घेता का."

काकांना दोन क्षण काही कळलं नाही. "कुणाला? हेलिकॉप्टरला?"

"माणसाला," ताडीवाला म्हणाला.

ओट्यावरचे लोक हसले. साहेबाने कुणाला तरी अर्थ विचारला आणि कपाळाला हात लावला. काका उठून आत गेले. ताडीवाला तिथेच उभा राहिला, मग बांधाकडे निघाला. आणि मी? माझं तोंड, जे तापात आणि झोपेतसुद्धा कधी बंद नसायचं, ते त्या वेळी नेमकं मिटलं होतं. झेला कुणी दिला, डावीकडे बघा कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. ताडीवाल्यानेही सांगितलं नाही. त्याने फक्त 'मी' म्हटलं.

दिवेलागणीला मी दवाखान्यात गेलो. कॅप्टन पलंगावर बसला होता, उजवा हात गळ्यात. मला बघून म्हणाला, "या जी. आधी हे सांगा, त्या जाळीत काय होतं?"

"नीरा. ताजी. तुमच्यासाठी."

"अरे देवा," तो म्हणाला. "आणि मी नाही म्हणून राहिलो होतो."

उशीजवळ साहेबाने ठेवलेला छापील कागद होता: ताडांमुळे समोरचं दिसलं नाही, खाली सहीची जागा. मी त्याला ओट्यावरचं सगळं सांगितलं. उद्या करवत येणार, तेही. कॅप्टनने तो कागद उलटा केला, मागची कोरी बाजू वर आली.

"माझा हात चालत नाही. तुम्ही लिहा. मी सांगतो."

मी पेन काढलं. तो सांगू लागला. हवा स्वच्छ होती. वारा नव्हता. पश्चिमेचे नऊ ताड पूर्ण वेळ दिसत होते आणि त्यांचा काही अडथळा नव्हता.

मी म्हटलं, "कॅप्टन, एखादी घार लिहू का? घार आडवी आली म्हणू. ह्या बाजूला घारी फार. कुणालाच काही होणार नाही, ना ताडांना, ना तुम्हाला."

"घार होती का?"

"नव्हती."

"मग नका लिहू जी."

"वाऱ्याची एक झुळूक तरी?"

त्याने डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं आणि पुढचं सांगितलं. मी लिहिलं: वळण घेताना मी समोर न बघता डावीकडे एका माणसाकडे बघत होतो. चूक माझी आहे.

पेन तिथेच थांबलं. मग मी ते बोललो. झेला माझा होता, युक्ती माझी होती, डावीकडे बघा हेही मीच सांगितलं होतं, माझं नाव घाला. एवढी छोटी वाक्यं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. 

कॅप्टनने विचारलं, "हेलिकॉप्टर तुम्ही चालवून राहिले होते का?"

"नाही."

"मग द्या इकडे." आणि डाव्या हाताने त्याने सही केली. पहिलीतल्या मुलासारखी, वाकडीतिकडी, पण पूर्ण नाव.

"ह्याने तुमची नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाईल ना." तो उशीला टेकला. "पण झाडं जिथं होती तिथंच उभी होती जी. मीच नव्हतो जागेवर."

सकाळी करवतवाला दोन माणसं आणि दोरखंड घेऊन आला तेव्हा ताडीवाला नेहमीसारखा पहिल्या ताडावर चढलेला होता. हट्ट म्हणून नव्हे. मडकी भरली होती, ती उतरवायची वेळ झाली होती. काका खाली उभे. मी त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी चष्मा चढवून वाचला, परत वाचला. अक्षर ओळखून माझ्याकडे बघितलं.

"हे तू लिहिलंस?"

"त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

"तुझं काही घातलं नाहीस ना ह्यात?"

"घालायचं राहिलंय, काका," मी म्हटलं, आणि करवतवाला, त्याची दोन माणसं आणि झाडावरचा ताडीवाला ह्यांच्यादेखत झेल्याची सगळी हकीकत सांगून टाकली. काकांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "गाढवा." एवढंच. त्यांच्या तोंडून एरवी ह्या शब्दाला शेपूट असायचं.

तेवढ्यात बांधाशी रिक्षा थांबली. दवाखान्यातून सुटून कॅप्टन थेट इकडे आला होता. दुपारी त्याला वापीहून गाडी होती. पायात रबरी चपला, गळ्यात हात, चालत तो ताडाच्या बुडाशी आला आणि वर बघितलं.

"भाऊ!"

वरून आवाज आला, "आले का साहेब? थांबा. उतरतो."

ताडीवाला उतरला. सोललेल्या छातीवर हळदीचे पिवळे पट्टे. झावळीचं एक पातं कापून त्याने द्रोणासारखं दुमडलं, भोपळा तिरपा केला आणि दोन्ही हातांनी द्रोण पुढे धरला.

"घेता का?"

"घेतो ना जी."

एका हाताने पिताना अर्धी नीरा कॅप्टनच्या शर्टावर सांडली. मग दुसरा द्रोण प्याला, मग तिसरा.  करवतवाल्याने बिडी पेटवली होती ती हळूच विझवली.

काकांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. साहेबाला नंतर त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. ओट्यावरून नुसता 'मेरा पेड, मेरा साइन' एवढा आवाज ऐकू आला. करवतवाल्याला मात्र ते माझ्यासमोर म्हणाले, "आलाच आहेस तर तो आंबा साफ कर. मोडलेली फांदी खाली घे. ताडांना हात लावायचा नाही."

हेलिकॉप्टर परत ट्रेलरवर झोपून गेलं. त्याच्यापुढे मोटारसायकल चालवायला मला कुणी सांगितलं नाही. पुढे दोन-तीन वर्षांत आम्ही लांब नळीचे पंप घेतले, मग त्यांना कंटाळलो, अळी काही कंटाळली नाही. पण त्या हिवाळ्यानंतर कितीतरी सकाळी मी दुकान उशिरा उघडलं. बांधावर जाऊन बसायचो. काका यायचे, शेजारी बसायचे. ताडीवाला वरून दोराचा आवाज करत उतरायचा आणि आम्हा दोघांना विचारायचा. ताडाखाली दूध प्यायलं तरी लोक ताडी म्हणतात, म्हणून काका त्याआधी चारचौघांत तिथे कधी बसलेले नव्हते. त्या सकाळींची थंडी, झावळ्यांचा तो कागदासारखा खडखडाट, आणि नीरेची, आंबू नये म्हणून मडक्याला आतून फासलेल्या चुन्याची किंचित चव असलेली, गोडी. आता आठवलं की जीभ आधी ओली होते, डोळे मागून.

कॅप्टनची नोकरी गेलीच. पुन्हा काही तो उडाला नाही. पुढच्या हिवाळ्यात एकदा त्याचा फोन आला. नागपुरात भावाच्या दुकानात बसतो म्हणाला, हात बरा आहे, पण थंडीत दुखतो. मी त्याला आमच्याकडच्या गमती सांगायला लागलो. एक बिबट्या आणि काकूची कोंबडी अशी चांगली रंगलेली गोष्ट होती. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली, हसलाही. मग विचारलं, "ताड कसे आहेत?"

"मजेत. नऊच्या नऊ."

"जाऊन मोजून सांगा ना जी," तो म्हणाला.

मी दुकानात होतो. शटर खाली ओढलं, मोटारसायकल काढली, बांधावर गेलो आणि तिथून त्याला फोन लावला. एका टोकापासून चालायला लागलो, प्रत्येक खोडाला हात लावत, मोठ्याने मोजत. शेवटच्या ताडावर ताडीवाला चढलेला होता. त्याने वरून विचारलं कोण आहे फोनवर. मी सांगितलं. त्याने कोयता धरलेला हात वर केला.

"नऊ," मी फोनमध्ये म्हटलं. "आणि वरचे भाऊ हात करतायत."

"माझा सलाम सांगा जी," तो म्हणाला. मी वर ओरडून सांगितलं, आणि कोयता परत वर गेला.